अकरावा टोला

तोगाशी मिसाओ भित्री होती आणि ते तिने कधी लपवलं नाही. लग्न झालं तेव्हा नवरा म्हाकुळाच्या बोटीवर जायचा, त्यामुळे ती समुद्राला भ्यायची. पुढे नवरा बोट सोडून घरी बसला, टीव्हीवरचे शोगीचे, म्हणजे आमच्या बुद्धिबळाचे, डाव बघत पेंगायला लागला, आणि तिची भीती बेकार झाली. अशी भीती फार दिवस रिकामी बसत नाही. ती उठून कुस्तीच्या कंपनीत कामाला लागली.

आमच्या साकाता बंदरात ‘उमिनारी’ ही कंपनी दोमोन गेन्झोने एक्क्याण्णव साली काढली. तोक्योच्या मोठ्या कंपनीतल्या लोकांशी भांडून तो गावी परतला, तो एक जुनी रिंग घेऊनच. ती न्यायला-आणायला ट्रक मिळाला मासळीचा. पहिली दोन वर्षं पैलवान चितपट झाला की आधी नाक दाबायचा, मग मान सोडवायचा, असं गावात म्हणत. तरी लोक येत. कोळी येत, भातशेतीवाले येत, पोरं खांद्यावर घेऊन बाया येत. शनिवारी दुपारी इथल्या टीव्हीवर तासभर खेळ लागायचा. मग बोटी कमी झाल्या, टीव्हीने तो तास बंद केला, तेवीस पैलवानांचे नऊ राहिले. ट्रक मात्र तोच राहिला.

मिसाओ तेव्हा खेळांच्या दारात कोन्याकु विकायची. सोयाच्या रश्शात उकळलेले करडे गोळे, एका काडीला तीन, वर बोटभर मोहरी. सत्त्याण्णव साली घंटा वाजवणारे आजोबा गुडघ्यांनी बसले आणि दोमोन तिच्या टपरीपाशी येऊन उभा राहिला.

“मिसाओ-सान, उद्यापासून घंटेवर बसाल?”

“मी? मला रक्त बघवत नाही हो.”

“म्हणूनच. ज्याला बघवतं तो खेळ बघत बसतो आणि घंटा विसरतो. तुम्ही पंचाकडे बघाल.”

“आणि माझं कोन्याकु?”

“मध्यंतरात विका की. कोण नको म्हणतंय!”

मग त्याने नियम सांगितला, एकच. पंचाने हात केला की वाजवायची. आपल्या मनाने कधी म्हणजे कधीच नाही. छताला आग लागली तरी आधी पंचाकडे बघायचं.

बावीस वर्षं मिसाओने तो नियम पाळला. तिचं टेबल रिंगला अगदी लागून असे. टेबलावर पितळी घंटा, हातात लाकडी दांड्याची हातोडी, शेजारी माइक. माणूस फळ्यांवर पडतो तो आवाज तिच्या पोटातून जाई. पाठीवर पडला तर रुंद आवाज येतो, आणि तो चांगला. डोक्यावर किंवा मानेवर पडला तर आवाज लहान येतो. त्या लहान आवाजाला तिचं काळीज धस्स व्हायचं. ते बावीस वर्षांत कमी झालं नाही.

आता, या कुस्त्या खऱ्या की आधी ठरवलेल्या, असं बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो आणि विचारताना डोळा मिचकावतो. आमच्याकडे ते कुणी विचारत नाही. कोण जिंकणार ते ठरलेलं असो नसो, शंभर किलोचा माणूस दुसऱ्याला उचलून मागे टाकतो तेव्हा खालची मान खरीच असते. मिसाओ एवढंच जाणून होती आणि घाबरायला तेवढं पुरे होतं.

सगळ्यात जास्त ती घाबरायची शिराहाता इवाओसाठी. चोकाई पर्वताच्या पायथ्याच्या एका खेड्यातून हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी आला होता. पहिल्या दिवशी सराव संपल्यावर त्याने तिच्या टपरीवर उभ्या उभ्या अठरा काड्या संपवल्या आणि विचारलं, “ताई, मोहरी आहे का अजून?” तेव्हापासून ती त्याची ताई आणि तो तिचा इवा-चान. आता तो शेहेचाळीस वर्षांचा झाला होता. कंपनीचा पट्टा चार वेळा त्याच्या कमरेला लागला होता. गावातली पोरं त्याला बघून सायकलवरून उतरून मान लववायची. मिसाओला अजून तो तोंडाला मोहरी लावलेलाच दिसायचा.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस दोमोन गेला. पोटाचं दुखणं होतं, लांबलं आणि संपलं. कंपनी त्याच्या मुलीने, चिझुरुने, हातात घेतली. ती पूर्वीपासूनच माइकवर बसून पैलवानांची नावं पुकारायची, वेळ सांगायची. ती आता शाचो झाली, म्हणजे मालकीण. पण बसायची मिसाओच्या शेजारीच, त्याच टेबलावर.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नगरपालिकेच्या व्यायामशाळेत खेळाआधी दोमोनला दहा टोले द्यायचे होते. आमच्या धंद्यातला माणूस गेला की त्याचा फोटो रिंगमध्ये आणतात, सगळे उभे राहून मान खाली घालतात आणि घंटेचे दहा टोले होतात. एकेक टोला पार विरू द्यायचा, मग दुसरा. मिसाओने असे टोले यापूर्वी सहा जणांना दिले होते. मोजण्याची तिची आपली रीत होती. ती मनातल्या मनात काड्या भरायची. तीन गोळ्यांची एक काडी, अशा तीन काड्या, आणि वर एक.

त्या दिवशी तिने तीन काड्या भरल्या. वर एक दिला. चिझुरुने शेजारी हुंदका दाबला, मिसाओने तिच्याकडे पाहिलं, परत घंटेकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, वरचा एक राहिला. तिने तो दिला.

आवाज निघाला त्याच क्षणी तिला कळलं. टोला परत घेता येत नाही. चारशे माणसं मान खाली घालून उभी होती आणि चारशे माणसं मनात मोजत होती. दहाला वर येऊ लागलेल्या माना अकराव्याला मध्येच थबकल्या. पैलवान रिंगभोवती ओळीने उभे होते. त्यातल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली.

कुणी काही बोललं नाही. हेच वाईट. कुणी खेकसलं असतं, ‘मोजता येत नाही का’ म्हणून झापलं असतं, तर मिसाओ शंभरदा वाकून माफी मागून मोकळी झाली असती. पण चिझुरुने माइक उचलून पहिल्या कुस्तीची नावं पुकारली, जसं काही झालंच नाही. आमच्या लोकांची ही खोड आहे. लाज वाटेल अशी गोष्ट घडली की सगळे मिळून तिच्यावर चादर घालतात, आणि चादरीखाली ती वाढत राहते.

पैलवान म्हणजे आधीच देवभोळी जात. कुणी डावा बूट आधी घालत नाही, कुणी रिंगमध्ये चढण्याआधी खांबाला मीठ लावतो. दहा टोले गेलेल्याचे. मग अकरावा कुणाचा? हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण कपडे बदलायच्या खोलीत तो येऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून पैलवान मिसाओला नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करू लागले आणि तिच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागले. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “एक फुकट दिलास. लोक तक्रार कशाची करतायत?”

शेवटी शिराहाताच तोंड उघडून बोलला. सरावाच्या मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने.

“काय रे, ताईकडे बघून तोंडं का पाडलीत? अकरावा माझा होता. मी वयाने मोठा, मान माझी. बाकीच्यांनी उगाच रांग लावू नका.”

सगळे हसले. इतके दिवस कोंडलेलं हसू होतं ते. खोली मोकळी झाली, पोरं पुन्हा टेबलाजवळून जाऊ लागली. एकटी मिसाओ हसली नाही. तिने त्याला दाराआड ओढलं.

“असलं अभद्र बोलू नकोस, इवा-चान. थुंक आधी.”

“ताई, थट्टा केली गं.”

“थट्टा करायला दुसरं काही मिळालं नाही? मन चिंती ते वैरी न चिंती.”

“बरं बरं, थुंकतो,” म्हणून तो खरंच बाहेर जाऊन थुंकून आला. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीची मंडळी दरवर्षीप्रमाणे नदीकाठी अळकुड्यांचं कालवण करायला गेली. दगडांची चूल, मोठं पातेलं, डुकराचं मांस, मिसो. गप्पा चालल्या होत्या. शिराहाता डाव्या हातात वाटी धरून मिसाओच्या शेजारी येऊन बसला आणि वाटी गेली. घसरली नाही, कुणाचा धक्का लागला नाही. बोटांनी ती नुसती सोडून दिली. गरम कालवण त्याच्या मांडीवर सांडलं आणि तो ओरडला नाही. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का ते.

मिसाओने बघितलं होतं.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

“काय कधीपासून? वाटी गुळगुळीत होती.”

“इवा-चान.”

त्याने मांडी पुसली. मग सांगितलं. जुलैपासून डाव्या हाताची बोटं मधूनच बधिर होतात. परगावच्या डॉक्टरला गुपचूप दाखवून आला. मानेचा मणका सरकून नस दाबतोय. डॉक्टर म्हणाला, आता डोक्यावर एकदा जरी पडलात तरी हात जातील. नशीब वाईट असेल तर श्वासही.

मिसाओने आपली वाटी खाली ठेवली. “आणि नोव्हेंबरात तू नागुमोशी लढणार?”

नागुमो म्हणजे कंपनीचा पट्टाधारी. चोवीस वर्षांचा, एकशे पाच किलोचा, गुणी पोरगा. त्याचा हुकमी डाव सगळ्या गावाला पाठ होता. मागून कमरेला मिठी, उचल, आणि मागच्या मागे मानेवर टाकणं.

“लढणार. दोमोन-सानला दवाखान्यात शब्द दिलाय. त्यांच्यामागे पहिली पट्ट्याची कुस्ती मी करीन म्हणून. एवढी एक झाली की सोडतो. ताई, कुणाला सांगायचं नाही. शपथ घे.”

“मी नाही घेत.”

“घे. नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण बोलला ते शाळकरी पोरासारखं. आणि तिने, मूर्खपणा म्हणा, शपथ घेतली.

पुढचे सहा आठवडे मिसाओचे कसे गेले ते तिलाच माहीत. भाताचा घास तोंडात फिरायचा. काडीला तीनाऐवजी चार गोळे टोचले जायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथे राक्षस कल्पनेतला नव्हता. त्याची तारीख छापून गावभर चिकटवली होती. तांदळाच्या दुकानात, न्हाव्याकडे, बंदराच्या कार्यालयात, जिकडे जाल तिकडे शिराहाता आणि नागुमो एकमेकांकडे डोळे वटारून उभे. खाली सतरा नोव्हेंबर, दुपारी दोन. ती त्या पोस्टरसमोरून जाताना रस्ता बदलू लागली.

सांगावं तरी कुणाला? चिझुरुला सांगितलं तर शपथ मोडली. शिवाय चिझुरु काय म्हणणार तेही ठाऊक होतं. मावशी, तुम्हाला तो अकरावा टोला खातोय, म्हणून तुम्हाला जिकडेतिकडे मरण दिसतंय. आणि ते खोटं तरी कुठे होतं? रोज मिसाओ स्वतःला तेच विचारायची. मी त्याच्या मानेला भितेय, की माझ्या चुकीला?

शेवटी ती पंच आकुत्सूकडे गेली. आकुत्सू स्वतः जुना पैलवान, बोलायला कमी. तो व्यायामशाळेच्या पायरीवर बूट घासत बसला होता.

“आकुत्सू-सान, कुस्ती चालू असताना पैलवान शुद्धीवर आहे की नाही, तुम्हाला कसं कळतं?”

“हात दाबतो. तोही दाबतो. दाबलं की समजायचं ठीक आहे.”

“कुठला हात?”

तो बूट घासायचा थांबला. “जो जवळ असेल तो. बहुतेक उजवा. का?”

“येत्या कुस्तीत शिराहाताचा डावाही दाबून बघा.”

आकुत्सूने तिच्याकडे पाहिलं. तिने जमिनीकडे. तिने काही सांगितलं नव्हतं आणि त्याने काही विचारलं नाही. पण त्याला पोचलं, हे तिला समजलं.

“बघीन,” तो म्हणाला.

त्या रात्री सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिला झोप लागली. आपलं ओझं दुसऱ्या, जास्त शहाण्या माणसाच्या खांद्यावर गेलं असं तिला वाटलं.

सतरा तारखेला व्यायामशाळा भरली. बऱ्याच वर्षांनी मागच्या भिंतीपाशी माणसं उभी होती. चिझुरुने दोघांची नावं पुकारली आणि रंगीत कागदाच्या फिती चारी बाजूंनी रिंगमध्ये येऊन पडल्या. शिराहाताच्या खांद्यांवर लाल फिती लोंबत होत्या. त्याने मिसाओकडे पाहून हलकेच डोळे मिटले, काळजी करू नको अशा अर्थाने. आकुत्सूने हात केला. तिने घंटा वाजवली.

चौदा मिनिटं बरी गेली. शिराहाता अनुभवी माणूस, नागुमोला मिठी मारूच देत नव्हता. पाय अडकवून पाडायचा, दोरांकडे पळायचा, लोकांना हसवायचा. मिसाओ हातोडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. चिझुरुने पुकारलं, “पंधरा मिनिटं झाली, पंधरा मिनिटं!” आणि तेवढ्यात नागुमोने मागून मिठी मारली.

शिराहाता उंच गेला आणि खाली आला. आवाज लहान आला.

सगळे लोक उभे राहून ओरडत होते, त्यामुळे तो आवाज तिच्याशिवाय फारसा कुणी ऐकला नसेल. आकुत्सू आडवा पडून फळीवर हात आपटत मोजू लागला; तीन झाले की कुस्ती संपली. एक. दोन. शिराहाताने उजवा खांदा उचलला. लोक वेडे झाले.

आकुत्सू गुडघ्यांवर आला. मिसाओ बघत होती. त्याने वाकून शिराहाताचा डावा हात हातात घेतला आणि दाबला. पुन्हा दाबला. ती पाच हातांवर होती, तिला ती बोटं दिसत होती. ओल्या चिंध्यांसारखी पडली होती ती. शिराहाताचे ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. “चालू दे.”

आकुत्सूने मान वर केली. त्याने सरळ मिसाओकडे पाहिलं. ती जिवाच्या आकांताने त्याच्या हाताकडे बघत होती. कर, हात कर. त्याने नजर काढून घेतली, उभा राहिला, आणि नागुमोला म्हणाला, “पुढे!”

त्यालाही दोष कसा द्यावा? दोमोनला दिलेला शब्द, भरलेली व्यायामशाळा, पैलवान स्वतः म्हणतोय चालू दे. तीस वर्षांची सवय माणसाचा हात खालीच धरून ठेवते. पण मिसाओ रिंगकडे बघत होती. नागुमो पुन्हा शिराहाताला उठवत होता. त्याचे हात मागून कमरेभोवती येत होते. एक मनगट दुसऱ्या मुठीत अडकलं.

तिने घंटा वाजवली.

एकदा नाही. कान्-कान्-कान्-कान्, थांबेचना ती. बावीस वर्षांत पहिल्यांदा पंचाकडे न बघता.

नागुमोचे हात आपोआप सुटले. घंटा झाली की सोडायचं, एवढं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. शिराहाता गुडघ्यांवर कोसळला. चिझुरु माइक झाकून तिच्या कानाशी फिसकारली, “मावशी! काय केलंत हे? आकुत्सूने हात केलाच नाही!”

मग शिव्या सुरू झाल्या.

“ए म्हातारे, डोळे कुठे आहेत?”

“हीच ती अकरा वाजवणारी! तेव्हा एक जास्त, आज दहा मिनिटं आधी!”

“पुन्हा सुरू करा! पुन्हा!”

बघता बघता सगळी व्यायामशाळा एका सुरात टाळ्या पिटत ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणू लागली. चिझुरु आकुत्सूकडे गेली, दोघं कुजबुजले. परत येऊन तिने माइकवर जाहीर केलं, चुकीने घंटा झाली, कुस्ती पुढे चालू राहील. लोकांनी छत डोक्यावर घेतलं.

“वाजवा,” चिझुरु मिसाओला म्हणाली.

घंटेशिवाय कुस्ती सुरू होत नाही. मिसाओने हातोडी छातीशी धरली. “नाही.”

“मावशी, मी शाचो म्हणून सांगतेय. वाजवा.”

“नाही वाजवणार. मला काढून टाका. आत्ता काढा.”

“अहो पण का?”

मिसाओने तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगून शपथ मोडावी तर ती मोडायलाही तिला वाचा नव्हती.

तेवढ्यात शिराहाता दोरांखालून सरकत रिंगच्या कडेला आला. कपाळावर घाम, डोळे लाल. त्याला असा संतापलेला तिने सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता.

“ताई, दे ती हातोडी.”

“नाही.”

“दे म्हणतो ना! माझी कुस्ती आहे ती. तू कोण थांबवणारी?”

उजव्या हाताने त्याने दोर धरला होता, तोल जाऊ नये म्हणून. त्याने डावा पुढे केला. रागाच्या भरात माणूस आपलं दुखणं विसरतो. त्याने तिच्या छातीपाशी धरलेल्या हातोडीवर हात टाकला आणि ओढली. मिसाओने ती सोडून दिली. ती आता कुणाशीही ओढाताण करण्याच्या स्थितीत नव्हती.

हातोडी त्याच्या बोटांतून सरळ खाली पडली.

फळ्यांवर ठक् झालं. पहिल्या रांगेतली माणसं हसली, त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. शिराहाता वाकला, पुन्हा डाव्याच हाताने हातोडी उचलायला गेला. बोटं दांड्यावर ठेवली गेली, मिटली नाहीत. त्याने पुन्हा प्रयत्न केला. दांडा जरा घरंगळला आणि थांबला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला तेव्हा पहिली रांग हसायची थांबली होती, आणि गप्प होणं मागच्या भिंतीपर्यंत पसरत गेलं.

रिंगमध्ये उभ्या असलेल्या नागुमोने आपल्या हातांकडे पाहिलं, आणि तो होता तिथेच खाली बसला. आकुत्सूने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले, थांबवा म्हणून. फार उशिरा, पण धरले.

शिराहाता रिंगच्या कडेवरून उतरला आणि टेबलाशेजारी जमिनीवर बसला. पाठ टेबलाला टेकवून, पाय पसरून. मिसाओ खुर्चीवरून उतरून त्याच्याजवळ बसली. तिला वाटलं आता तो आयुष्यभर बोलणार नाही.

“ताई,” तो म्हणाला. इतक्या हळू, की चिझुरुलाही ऐकू गेलं नाही. “तू वाजवलीस ना, तेव्हा आधी राग नाही आला मला. आधी बरं वाटलं. राग नंतर आला.”

मिसाओने बाहीने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

“जुलैपासून रोज भीती वाटतेय. रोज सकाळी उठून आधी बोटं हलवून बघतो. कुणीतरी थांबवेल, थांबवेल, म्हणून वाट बघत होतो. आणि जो भेटेल त्याला सांगत होतो, थांबवू नका.”

तो रडत नव्हता. नुसता समोर बघत होता. खांद्यावरची एक लाल फीत अजून तशीच होती. कुणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन केला होता, कुणीतरी दार उघडून धरलं होतं, बाहेरची गार हवा आत येत होती.

मिसाओने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बर्फासारखा गार होता. तिने तो दाबला आणि थांबली. पुन्हा दाबला. पलीकडून काही आलं नाही. अॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आत येईपर्यंत ती दाबतच राहिली.